ब्लॉकेज तेवढेच, मग गोळी कशाला?

वर्षावास सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी वंदना आटोपून बाहेर आलो, तर विहाराच्या पायरीवर एक काका आमची वाट पाहत बसले होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फुगलेली फाइल आणि दोन सीडी. "जयभीम सिस्टर. हे जरा बघा. दीड वर्षापूर्वी अँजिओग्राफी केली तेव्हा साठ टक्के ब्लॉकेज होतं. तेव्हापासून रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी घेतली, एक दिवस चुकवली नाही. आता परत तपासलं तर साठ टक्केच. मग गोळी खायची कशाला? मागच्या आठवड्यात बंद केली मी."

दुसरी तपासणी कोणा डॉक्टरांनी सांगितली नव्हती. 'गोळी लागू पडते का ते एकदा बघून घ्या' असे शेजारी म्हणाले, आणि काकूंनी बचत गटातून कर्ज काढून खासगी केंद्रात सीटी अँजिओग्राफी करून आणली. हप्ता अजून चालू आहे.

वाचकहो, काकांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. औषध घेतले, चित्र काढले, चित्रात फरक नाही, म्हणून औषध निकामी. हा हिशेब कोणीही करील. जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनीही तो केला होता आणि तेही चक्रावले होते. या कोड्याचे उत्तर मिळवायला त्यांना वीसेक वर्षे लागली. ते उत्तर आपल्या वस्तीतल्या घराघरात पोचणे गरजेचे आहे, कारण ज्या दिवशी गोळी बंद होते त्या दिवशी घरात कोणाला काही जाणवत नाही. दुखत नाही, चक्कर येत नाही. काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल मात्र गुपचूप जुन्या पातळीवर जाऊन बसते.

आधी आमची एक चूक सांगतो. हृदयरोगाच्या वॉर्डात नोकरी करत होतो तेव्हा डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला गोळ्या समजावून सांगण्याचे काम आमच्याकडे असायचे. घाईत आम्ही सांगून टाकायचो, "ही गोळी ब्लॉकेज विरघळवते, रोज घ्या." सोपे वाक्य होते, लोकांना पटायचे. त्या वाक्यावर विश्वास ठेवून गेलेले आमच्याच बाजूच्या वस्तीतले एक रिक्षावाले दादा वर्षभराने पुन्हा तपासून आले, ब्लॉकेज विरघळलेले नव्हते, आणि त्यांनी गोळी सोडली. आठ महिन्यांनी आम्ही त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेलो. गोळी चालू असती तर ते वाचलेच असते असे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. पण आम्ही सांगितलेले वाक्य चुकीचे होते, आणि त्यांनी गोळी सोडली ती त्या वाक्यामुळे, एवढे आम्हाला माहीत आहे.

तर आता बरोबर काय ते नीट पाहू.

अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून डाय सोडतात आणि एक्स-रेने चित्र घेतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे असे चित्र काढणे सुरू झाले तेही योगायोगाने. १९५८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या झडपा तपासत असताना नळीचे तोंड चुकून हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीत शिरले आणि डाय तिथेच गेला. डॉक्टर घाबरले, रुग्ण वाचला, आणि पडद्यावर ती रक्तवाहिनी स्पष्ट दिसली.

पण पडद्यावर जे दिसते ती रक्तवाहिनी नव्हेच. दिसतो तो तिच्यातून वाहणारा डाय. चाळीतल्या नळाला धार किती जाड आहे हे बघून आपण पाइपाचा अंदाज करतो, पाइपाच्या पत्र्यात काय चालले आहे ते धारेवरून कळत नाही, तसेच हे. 'साठ टक्के ब्लॉकेज' म्हणजे आजूबाजूच्या धारेच्या मानाने त्या जागी धार साठ टक्के बारीक झाली आहे. रोग असतो भिंतीत, आणि चित्र असते पोकळीचे. इथेच सगळा घोळ आहे.

आता औषधाकडे येऊ. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या गोळ्यांच्या घराण्याला स्टॅटिन म्हणतात. ॲटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन ही त्यातलीच नावे. या औषधाचा मूळ शोध जपानच्या अकिरा एंडो यांचा. उत्तर जपानातल्या शेतकरी घरातला हा मुलगा, लहानपणापासून अळंबी आणि बुरशी यांचा नाद असलेला. बुरशी स्वतःच्या बचावासाठी काहीतरी रसायन बनवत असेल, त्यातले एखादे कोलेस्टेरॉल रोखणारे निघेल, या अंदाजावर त्यांनी साधारण सहा हजार प्रकारच्या बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासले. १९७३ साली तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत ते सापडले. पहिली स्टॅटिन गोळी अमेरिकेत १९८७ साली विक्रीला परवानगी मिळून आली. एंडो २०२४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी गेले. त्यांच्या शोधावर कंपन्यांनी किती कमावले ते सोडा, त्यांना नोबेलही मिळाले नाही.

गोळी यकृताच्या आत काम करते. आपल्या रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते. गोळी तो कारखाना मंदावते. मग यकृताला स्वतःच्या गरजेसाठी रक्तातूनच एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, ओढून घ्यावे लागते आणि रक्तातली पातळी उतरते. रक्तवाहिनीच्या भिंतीत नवी चरबी भरणे त्यामुळे मंदावते. भिंतीत आधीच साठलेल्या चरबीचे काय होते, हा खरा प्रश्न होता, आणि तो सोडवायला तेव्हा हाताशी साधन एकच होते: अँजिओग्राफी.

१९९० साली सिएटल शहरातल्या ग्रेग ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले १४६ पुरुष, सगळे ६२ वर्षांपर्यंतचे. त्यांचे तीन गट केले. दोन गटांना कोलेस्टेरॉल जोरात उतरवणारी दोन-दोन औषधे दिली, त्यातल्या एका गटात स्टॅटिन होते. तिसऱ्या गटाला त्या काळची नेहमीची उपचारपद्धती. सुरुवातीला अँजिओग्राफी, अडीच वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी. नेहमीच्या उपचाराच्या गटात अरुंदपणा सरासरी दोन टक्क्यांनी वाढला. औषधाच्या दोन्ही गटांत तो कमी झाला, पण किती? सरासरी एक टक्काही नाही. सत्तर होते ते एकोणसत्तरच्या जरा वर. डोळ्यांनी चित्र पाहून कोणाला हा फरक कळणार नाही, मोजणी यंत्राने करावी लागली.

आणि माणसांचे काय झाले? नेहमीच्या उपचारातल्या ५२ जणांपैकी १० जणांचा मृत्यू झाला, किंवा त्यांना झटका आला, किंवा त्रास वाढून ऑपरेशन वा फुगा घालावा लागला. औषधाच्या दोन गटांत मिळून ९४ माणसे होती, त्यांच्यात असे पाच.

चित्रात एक टक्क्याचाही फरक नाही, आणि माणसांत एवढा. इतर अभ्यासांतही हेच दिसत राहिले. १९९४ साली उत्तर युरोपातल्या देशांत ४४४४ हृदयरुग्णांवर सिमव्हास्टॅटिनचा मोठा अभ्यास झाला, त्यात चित्रे काढलीच नाहीत, फक्त माणसे मोजली. पाच वर्षांहून थोडा जास्त काळ गेला. नकली गोळीच्या गटात २५६ मृत्यू, खऱ्या गोळीच्या गटात १८२. दोन्ही गट सारखेच मोठे होते.

मग गोळी करते काय? इथे आम्ही वस्तीत गळवाचे उदाहरण देतो, कारण ते सगळ्यांना कळते.

रक्तवाहिनीतला ब्लॉकेज म्हणजे पाइपात आतून साचलेला गंज नव्हे. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली असतो. गळवासारखा. आत मऊ, चरबीने भरलेला, सुजलेला गर आणि वर एक पातळ पापुद्रा. काही जागी हा पापुद्रा केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. तो फाटला की आतला गर रक्ताला लागतो, रक्ताची तिथल्या तिथे गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. बहुतेक हार्ट ॲटॅक असे येतात. गळू मोठे आहे की लहान यापेक्षा ते पिकलेले आहे की वाळलेले, हे महत्त्वाचे. ज्यांची अँजिओग्राफी आधी झालेली होती आणि पुढे झटका आला, अशांची जुनी चित्रे काढून पाहिली तेव्हा अनेकांत झटक्याची जागा आधीच्या चित्रात पन्नास टक्क्यांपेक्षाही कमी अरुंद होती. म्हणजे कागदावर 'फारसे काही नाही' अशी.

आणखी एक गोष्ट १९८७ साली शिकागोच्या डॉ. सेमूर ग्लॅगॉव्ह यांनी दाखवली. त्यांनी शवविच्छेदनातली १३६ हृदये तपासली. भिंतीत चरबी साठू लागली की रक्तवाहिनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. साठलेला भाग साधारण चाळीस टक्के जागा व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नाही. बाहेरून पोट सुटलेल्या माणसाचा शर्ट ताणतो, पण खिसा तेवढाच राहतो, तसे काहीसे. तेव्हा वाट बघून रोग मोजणे हे अपुरे आहे, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. रोग वाढताना वाट लगेच अरुंद होत नाही, आणि रोग उतरताना वाट लगेच रुंदावतही नाही.

भिंत बघायची तर दुसरे यंत्र हवे होते. ते आले सोनोग्राफीच्या रूपाने. गरोदर बाईच्या पोटावर फिरवतात तीच ध्वनिलहरींची युक्ती, पण तारेच्या टोकावर बसवलेली, रक्तवाहिनीच्या आत घालायची. तिने भिंतीचा काप दिसतो आणि भर किती आहे हे मोजता येते. क्लीव्हलँडच्या स्टीव्हन निसेन यांच्या गटाने यावर मोठे काम केले. २००४ सालच्या त्यांच्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना सौम्य स्टॅटिन दिले, निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम. दीड वर्षाने सौम्य गोळीवाल्यांचा एलडीएल सरासरी ११० आणि भिंतीतली भर जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढलेली. जोरदार गोळीवाल्यांचा एलडीएल ७९ आणि भर होती तिथे थांबलेली. २००६ मध्ये रोझुव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमचा अभ्यास आला. दोन वर्षांत ३४९ रुग्णांचा एलडीएल सरासरी १३० वरून ६१ वर आला, आणि या वेळी भर खरोखर उतरली. किती? भिंतीचा जेवढा भाग भरलेला होता त्यात सरासरी एक टक्क्याची घट. २०११ मध्ये हजारावर रुग्णांवर या दोन्ही गोळ्या पूर्ण जोराने देऊन पाहिल्या, तेव्हा दर तिघांपैकी साधारण दोघांची भर कमी झाली, तिसऱ्याची नाही.

लक्षात घ्या, एवढा जोरदार डोस, दोन वर्षे, यंत्र भिंतीच्या आत, तरी आकारातली घट एक टक्का. तेव्हा सहा महिन्यांत ब्लॉकेज उघडून देतो म्हणणारा काढा विकणारा माणूस दारात आला, तर त्याला हे आकडे सांगा आणि विचारा, तुम्ही आत सोनोग्राफी घालून मोजलेत का?

आकार फारसा बदलत नाही, पण आतला माल बदलतो. प्रकाशलहरींनी रक्तवाहिनीच्या आतून चित्र घेणारे आणखी बारीक तंत्र नंतर आले. जपानमध्ये त्याचा खूप वापर झाला. त्यात दिसले की गोळीने तो वरचा पापुद्रा जाड होत जातो आणि डोस पुरेसा असेल तर जास्त जाड होतो. आतला चरबीचा गर आटतो, सूज उतरते, त्या जागी घट्ट तंतू आणि कॅल्शियम येते. पिकलेले गळू वाळून वण होतो म्हणा ना. वण कातडीवर दिसतच राहतो, पण तो फुटत नाही.

यातून एक गंमत होते, ती ठाऊक नसेल तर माणूस घाबरतो. हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये 'कॅल्शियम स्कोअर' मोजतात. ज्याने कधीच गोळी घेतली नाही त्याच्यासाठी तो स्कोअर उपयोगी असू शकतो, कारण कॅल्शियम दिसले म्हणजे भिंतीत रोग आहे. पण स्टॅटिन घेणाऱ्याचा स्कोअर पुढच्या वेळी वाढलेला दिसू शकतो, आणि तो गोळीने जागा घट्ट केल्यामुळेही असू शकतो. गोळी चालू असताना पुन्हा स्कोअर काढून 'वाढला' म्हणून गोळी सोडणे म्हणजे जखम भरत आली हे बघून पट्टी उपटण्यासारखे आहे.

काकांच्या दोन सीडींकडे परत येतो. पहिली नळी घालून केलेली, दुसरी सीटीवर. ही दोन वेगळी यंत्रे. एक काटा भाजीवाल्याचा, दुसरा रेशन दुकानाचा; दोन्हीवर साठ आले काय किंवा एकावर पंचावन्न आले काय, तेवढ्या फरकाला अर्थ नाही. एकाच चित्राला दोन डॉक्टर पाच-दहा टक्क्यांनी वेगळा आकडा देतात, हे आम्ही कॅथलॅबच्या दारात उभे राहून कितीदा तरी ऐकले आहे.

म्हणून चित्र कधीच काढू नये असे मात्र कोणी समजू नका. छातीत दाब येतो, जबडा किंवा डावा हात दुखतो, घाम फुटतो, बाईमाणसांत कधी नुसता दम लागतो आणि मळमळते, अशा वेळी १०८ लावायचा आणि लगेच जायचे. झटका चालू असताना अँजिओग्राफी करून फुगा व स्टेंट घातला तर जीव वाचतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास आहेत, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. त्रास पूर्वीपेक्षा वाढला, कमी चालण्यात येऊ लागला, तरी डॉक्टर पुन्हा चित्र काढायला सांगतील आणि तेव्हा ते काढले पाहिजे. चित्रामुळे कधी उपचारच सुरू होतात हाही फायदा आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखते म्हणून आलेल्या ४१४६ लोकांपैकी निम्म्यांची सीटी अँजिओग्राफी केली. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका त्यांच्यात २.३ टक्क्यांना, सीटी न केलेल्यांत ३.९ टक्क्यांना. सीटी काही औषध नव्हे. रोग दिसल्यामुळे अधिक लोकांना योग्य गोळ्या सुरू झाल्या, हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

आमचा आक्षेप आहे तो 'ब्लॉकेज किती उरले ते बघू' म्हणून कर्ज काढून केलेल्या चित्राला. आणि 'साठ टक्के आहे, लगेच स्टेंट टाकून घ्या, नाहीतर कधीही जाल' या धाकाला. २००७ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २२८७ स्थिर रुग्णांचा अभ्यास आला, २०२० मध्ये ३७ देशांतल्या ५१७९ जणांचा, त्यात आपल्या देशातले रुग्णही होते. ज्यांचा त्रास स्थिर आहे, झटका आलेला नाही, अशांना चांगल्या गोळ्यांवर ठेवले काय किंवा गोळ्यांबरोबर स्टेंट-बायपास केले काय, मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही. छातीतले दुखणे स्टेंटने कमी होते, ते खरे आहे. मुख्य डाव्या रक्तवाहिनीचा अडथळा किंवा कमजोर झालेले हृदय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील ते ऐकावे. पण स्टेंट एका इंचभर जागेला टेकू देतो, गळवे तर सगळ्या झाडावर असू शकतात. म्हणून स्टेंट घातल्यावरही गोळी सुटत नाही. "सिस्टर, आता स्प्रिंग टाकलीय, आता गोळी नको ना?" हा प्रश्न आम्हाला दर महिन्याला एकदा तरी येतो.

मग गोळी लागू पडते की नाही हे कळायचे कसे? रक्ताच्या साध्या तपासणीने. लिपिड प्रोफाइल. तिच्यात एलडीएलचा आकडा बघायचा. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक ते तीन महिन्यांत एकदा, पुढे डॉक्टर सांगतील तसे, बहुधा वर्षातून एकदा. ज्याला हृदयाचा रोग आहे त्याचा एलडीएल ७० च्या खाली हवा. अलीकडे तज्ज्ञ ५५ च्या खाली आणायला सांगतात. वरचे अभ्यास पुन्हा पाहा: ११० ला रोग वाढत होता, ७९ ला थांबला, ६१ ला माघारी फिरला. भिंतीच्या आत काय चालले आहे हे त्या एका आकड्यावरून, काही शे रुपयांत किंवा सरकारी दवाखान्यात त्याहून कमी खर्चात, बऱ्यापैकी समजते.

आम्ही काकांची फाइल चाळली. दोन सीडी, चार ईसीजी, पावत्या, जाहिरातीचे कागद. एलडीएलचा रिपोर्ट एकच, दीड वर्षापूर्वीचा, गोळी सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा: १४६. त्यानंतर कोणी तपासलाच नाही. गोळी होती ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम. हृदयरोग असलेल्यांना बहुधा याच्या चौपट किंवा आठपट डोस देतात. म्हणजे काकांनी कर्ज काढून चुकीची गोष्ट मोजली, आणि जी मोजायची ती दीड वर्ष कोणी मोजली नाही. यात काकांचा दोष आम्हाला दिसत नाही.

हे एकट्या काकांचे नाही. २०११ साली सतरा देशांतल्या गावा-शहरांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना हृदयरोग किंवा पक्षाघात आधीच झालेला आहे अशांपैकी किती जण स्टॅटिन घेतात, ते पाहिले. श्रीमंत देशांत ६६.५ टक्के. गरीब देशांच्या गटात, ज्यात आपला देश होता, ३.३ टक्के. दुसरीकडे, ५२ देशांच्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो असे आढळले. इतरांना सुमारे ५९ व्या. कमावता माणूस सहा वर्षे आधी पडतो, आणि गोळी पोचत होती शंभरातल्या तिघांना. ॲटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी केंद्रात ती मोठ्या ब्रँडच्या मानाने फार स्वस्त मिळते आणि आतले औषध तेच असते. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर दुकानात औषधाचे मूळ नाव सांगून मागा.

गोळीने त्रास होतो का? काहींना अंग, मांड्या दुखतात. लंडनमध्ये त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब पण रिकामी गोळी, काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. जो त्रास खऱ्या गोळीने होत होता त्यातला नव्वद टक्के रिकाम्या गोळीनेही झाला. हे समजल्यावर निम्मे जण पुन्हा गोळी घेऊ लागले. तरी स्नायू फार दुखू लागले, लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, तर थांबून लगेच डॉक्टरांकडे जावे. साखर थोडी वाढू शकते, म्हणून तीही तपासावी; झटका टळण्याचा फायदा त्याहून मोठा असतो. दिवस राहिलेल्या किंवा राहू शकणाऱ्या मुलींनी, अंगावर पाजणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही. आणि बिडी, गुटखा, मिश्री चालू ठेवून गोळीने सगळे भागेल असे नाही. मिश्री लावणाऱ्या मावश्यांनो, ही ओळ तुमच्यासाठी आहे.

काकांना आम्ही पुढच्याच बुधवारी सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग ओपीडीत घेऊन गेलो. नंबर लागायला चार तास गेले. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, डोस ४० केला, सोबतची रक्त पातळ ठेवणारी गोळी तशीच ठेवली आणि दोन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितले. वर्षावास संपता संपता रिपोर्ट आला. ७१. डॉक्टर म्हणाले आणखी थोडा खाली आणू, कदाचित दुसरी एक गोळी जोडावी लागेल. काका जरा हिरमुसले, त्यांना ६९ हवे होते.

त्या दिवशी काकू बरोबर होत्या. बाकावर बसल्या बसल्या आम्ही सहज विचारले, तुमची तपासणी कधी झाली? आठ वर्षांपासून साखर आहे, वय बावन्न, आणि कोलेस्टेरॉल आयुष्यात एकदाही मोजलेले नाही. चाळिशी ओलांडलेल्या आणि साखर असलेल्या बहुतेकांना झटका येण्याआधीच ही गोळी सुरू करावी असे डॉक्टर सांगतात. काकू म्हणाल्या, "माझं काय बघायचं, मला कुठं काय दुखतंय?" येत्या बुधवारी त्यांचा नंबर आहे. सकाळी सातला विहारापाशी जमायचे ठरले आहे, आणखी कोणाला साखर असेल आणि यायचे असेल तर त्यांनीही यावे.